वाचून कायम

"कायम?" वकील डुबलांनी विचारलं.

"कायम!" सोळा तोंडांतून एकदम आवाज आला. त्यांतल्या अकरा तोंडांत कांदाभजी होती.

मी रजिस्टर मिटलं आणि माझ्या बशीकडे वळलो. मागच्या गुरुवारच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं होतं. म्हणजे मागच्या गुरुवारी काय घडलं हे आता ब्रह्मदेवालाही बदलता येणार नव्हतं. आणि त्या इतिवृत्तात मी असा एक ठराव घुसडला होता, जो मागच्या गुरुवारीच काय, कुठल्याच गुरुवारी कोणी मांडलेला नव्हता.

ही पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तासगावात हायस्कुलात मराठी शिकवत होतो, सांगलीच्या एका दैनिकात दर रविवारी लोकांना चिमटे काढणारं सदर लिहीत होतो, आणि आमच्या मैत्री क्लबाचा सेक्रेटरी होतो. तिन्ही कामांत मिळून माझं कोणीच ऐकत नसे. पण वर्गात पोरं निदान ऐकल्यासारखं दाखवत. क्लबात तेवढीही भीड नव्हती. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये अध्यक्ष डुबल वकील पितळी घंटेवर लाकडी हातोडी मारत, सगळे उभे राहून सेवेची शपथ घेत, बसत, आणि मी इतिवृत्त उघडलं की वाचनालयाचे शिपाई भाऊ माने भज्यांचं ताट घेऊन आत येत. हा योगायोग बारा वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

सेवा आम्ही पुष्कळ करत होतो. तोवर क्लबाने गावाला एकवीस बाकं दिली होती. त्यांवर देणाऱ्याचं नाव एवढं ठळक रंगवलेलं असे की उद्घाटनाच्या दिवशी जो बसे त्याच्या पाठीवर ते उमटे. माझ्या एका पांढऱ्या सदऱ्यावर आमचे सदस्य तांबोळी शेठ यांचं 'तांबोळी बेदाणा' अजून पुसट दिसतं. दर जूनमध्ये तहसील कचेरीसमोर वृक्षारोपण होई. खड्डा तोच असल्यामुळे खणायचे कष्ट वाचत.

बसस्थानकावर एकविसावं बाक दिलं त्या आठवड्यात मला ती खोडी सुचली. म्हटलं, वाट बघायला बाक आपण देतो, आता वाट बघणारा माणूसही देऊन टाकू. आणि कोणी ऐकतंय का तेही कळेल. म्हणून इतिवृत्तात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"ठराव क्रमांक चार. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी येणाऱ्या मिरज गाडीतून उतरणाऱ्या प्रवाशांपैकी ज्यांना घ्यायला कोणीही आलेले नाही, अशांना घेण्यासाठी क्लबाच्या एका सदस्याने रोज बसस्थानकावर हजर राहावे. सूचक: श्री. नेमगोंडा चौगुले."

अनुमोदक म्हणून त्या क्षणी समोर दिसलं ते नाव टाकलं. सूचक मात्र विचार करून निवडला होता. चौगुले अण्णा म्हणजे चौगुले मेडिकल स्टोअर्सचे मालक. वय अडुसष्ट, डोक्याला काळी टोपी, खिडकीजवळची शेवटची खुर्ची. बारा वर्षांत ते सभेत एक शब्द बोलले नव्हते. 'कायम'सुद्धा ते ओठांतल्या ओठांत म्हणत. अशा माणसाच्या नावावर काहीही खपवलं तरी तो उठून हरकत घेणार नाही, हा माझा हिशेब.

हिशेब बरोबर निघाला. हरकत कोणी घेतली नाही. फक्त त्या दिवशी सतरा माणसं हजर होती आणि 'कायम' सोळाच म्हणाले. अण्णांच्या हातातलं भजं तोंडापर्यंत जाऊन थांबलं होतं. मी ते पाहिलं. मला वाटलं, तिखट लागलं असेल.

सभा संपल्यावर चहा पिताना सगळ्यांची फजिती करायची, असं मी ठरवलं होतं. पण डुबलांना कोणाच्या तरी साखरपुड्याला जायचं होतं. त्यांनी घंटा वाजवली, पांगापांग झाली, आणि माझा विनोद रजिस्टरातच राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून उशिरा घरी निघालो होतो. बसस्थानकावरून जाताना पाहिलं, तर एकविसाव्या बाकाशेजारी चौगुले अण्णा उभे. बसलेले नव्हते. कोटावर क्लबाचा बिल्ला लावून उभे. सहा दहाची मिरज गाडी आली. माणसं उतरली. अण्णा दाराशी गेले आणि एका बाईला म्हणाले, "आपल्याला घ्यायला कोणी आलंय का?"

बाईने पदर सावरला आणि चालण्याचा वेग वाढवला.

मग एका फेटेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "का वो? कोण गेलं का आमच्यातलं?"

मी कोपऱ्यावरच्या पानपट्टीआड उभा राहून तोंडात रुमाल कोंबून हसलो. आता हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा हसलो, हे खरं आहे. घरी येऊन शालनला सगळं नकलेसकट करून दाखवलं. शालन म्हणजे माझी बायको. तिने भाजी परतता परतता ऐकलं आणि विचारलं, "आणि त्यांना ते खरं वाटलं?"

"वाटलं म्हणजे! बिल्ला लावून उभे होते."

"मग सांगून टाका की बिचाऱ्यांना."

"सांगतो. दोन दिवस जाऊ देत."

दोन दिवसांचे पाच आठवडे झाले.

कारण गंमत अशी झाली, की लोकांना अण्णांची सवय लागली. सहा दहाच्या गाडीने मिरजेच्या दवाखान्यांतून परतणारे असत. कोणी ऑपरेशन झालेल्याला सोडून आलेला, कोणी औषधांची पिशवी घेऊन एकटाच. माहेरी न कळवता आलेली एखादी मुलगी असे. अण्णा विचारत, "आपल्याला घ्यायला कोणी आलंय का?" नाही म्हटलं, की हातातलं एक बोचकं घेत आणि त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जात. वाटेत बोलत नसत. बोचकं परत देत, टोपीला हात लावत आणि दुकानात येऊन उरलेल्या चिठ्ठ्यांची औषधं काढत.

मग आमच्याच दैनिकाच्या बातमीदाराने ते छापलं. 'मैत्री क्लबाचा अभिनव उपक्रम' अशी बातमी, त्यात डुबल वकिलांचं छायाचित्र. ती कोल्हापुरात प्रांतपालांनी वाचली. प्रांतपाल म्हणजे आमच्यासारख्या चाळीस क्लबांवरचा मोठा साहेब. त्यांचं पत्र आलं: येत्या गुरुवारी पाच वाजता स्वतः येऊन क्लबाला वर्षातल्या सर्वोत्तम सेवाकार्याची ढाल देतो. इतिवृत्तातील मूळ ठराव त्या प्रसंगी वाचून दाखवावा.

पत्र आलं त्याच संध्याकाळी मी खोकल्याचं औषध आणायला अण्णांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा कपाटातल्या बाटल्या उतरवून काचेवर मांडत होते.

"साफसफाई, अण्णा?"

"आवराआवर." त्यांनी माझी बाटली काढून कागदात गुंडाळली. मग एकदम, दोरा बांधता बांधता, खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, एक विचारू? तुम्ही सेक्रेटरी, तुम्हाला ठाऊक असणार."

"विचारा की."

"त्या दिवशी मी उभा राहून बोललो, का बसून?"

"कोणत्या दिवशी?"

"ठराव मांडला तेव्हा."

मी बाटलीकडे हात केला होता. तो तिथेच राहिला.

"मला आठवत नाही, मास्तर." ते कसंनुसं हसले. "अजिबात आठवत नाही. तुम्ही माझं नाव वाचलंत तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढचं काही ऐकूच आलं नाही. घरी जाऊन किती आठवलं. भजी आठवतात. वकिलांचा निळा कोट आठवतो. मी बोललो ते तेवढं नाही."

"अण्णा..."

"आमच्या वडिलांचं असंच झालं होतं. आधी असं एखादंच काहीतरी गेलं. मग माणसांची नावं गेली. शेवटी शेवटी मला 'अहो, पाहुणे' म्हणायचे." त्यांनी दोरा तोडला. "म्हटलं, मांडलाय तर पार पाडावा. न जाऊन कोणी विचारलं, अण्णा, स्वतःच मांडलात आणि विसरलात? तर काय सांगणार? म्हणून जातो. पण दुकानाचं तसं नाही. पाचशे घरांची औषधं माझ्या डोक्यात आहेत. कुणाला साखरेची, कुणाला रक्तदाबाची. एक गोळी इकडची तिकडे झाली, तर? एक तारखेला बंद करतोय. परवाना परत करतो म्हणून अर्ज लिहिलाय."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक तारखेभोवती लाल गोल होता. मध्ये नऊ दिवस होते.

"अण्णा, ऐका माझं," मी म्हणालो. "तो ठराव तुम्ही मांडलाच नव्हता. मी लिहिला तो. आपल्या मनाने. थट्टा म्हणून. कोणी ऐकतं का बघायला."

अण्णांनी काचेवरून हात पुढे करून माझा हात थोपटला. "तुमचं मन मोठं आहे, मास्तर."

"अहो, मोठं कसलं! खोटं लिहिलं मी!"

"माझ्यासाठी एवढं स्वतःवर घेऊ नका. मी विचारलंय सगळ्यांना. आडून आडून. वकिलांना आठवतंय. तांबोळी शेठना तर शब्द न् शब्द. म्हणाले, अण्णा, काय बोललात त्या दिवशी! आता सोळा माणसं कशाला खोटं बोलतील?"

मी सोळाही जणांना ओळखत होतो. पण हे औषधाच्या दुकानात उभं राहून समजावता येण्यासारखं नव्हतं.

तिथून मी तडक डुबल वकिलांच्या ऑफिसात गेलो. रजिस्टर त्यांच्याच टेबलावर होतं. ढालीच्या कार्यक्रमासाठी त्याला लाल मखमलीचं कव्हर शिवायला द्यायचं चाललं होतं.

"वकीलसाहेब, तो ठराव कधी झालाच नाही."

"इतिवृत्तात आहे ना?"

"आहे."

"वाचून कायम झालंय ना?"

"झालंय. पण..."

"मग झालाय." त्यांनी चष्मा काढला. "कुंभोजकर, कोर्टात तीस वर्षं काढली मी. कागदावर असतं ते घडलेलं असतं. घडून कागदावर नसतं, त्याची पंचाईत."

"पण तुम्हाला स्वतःला आठवतंय का?"

"म्हणजे काय! अण्णा खिडकीपाशी उभे होते. आवाज कापत होता. डोळ्यांत पाणी होतं."

"त्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

एवढं बोलून वकिलांनी रुमालाने डोळा टिपला. त्यांना खरंच आठवत होतं. मी अनेक वर्षं लोकांच्या ढोंगावर लिहीत होतो, पण हे ढोंग नव्हतं. छापून आल्यापासून हा माणूस रोज रात्री ते आठवून झोपत असावा. मी अण्णांच्या दुकानाचं सांगितलं. ते गंभीर झाले. म्हणाले, वाईट वाटतं, पण वय झालंच आहे त्यांचं. ढाल घेतल्यावर आपण त्यांचा निवृत्तीनिमित्त सत्कारही करू. आणि जाता जाता म्हणाले, "गुरुवारी ठराव वाचायचा आणि खाली बसायचं. साहेबांसमोर विनोद नको."

घरी शालन कणीक मळत होती. मी सगळं सांगितलं. या वेळी नकला केल्या नाहीत.

"सोपं आहे," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगायचं. अण्णा समोर बसलेले असताना."

"माझं कोण ऐकणार? सोळा विरुद्ध एक. आणि क्लबातून काढतील ते वेगळंच."

"काढू देत." तिने गोळा तोडला. "गुरुवारी भजी मी घरी करीन."

गुरुवारी हॉलमध्ये नव्या सतरंज्या होत्या. प्रांतपाल पोतनीससाहेब गोरेपान, हसतमुख, गळ्यात सोनेरी साखळी. डुबल वकील निळ्या कोटात. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर आमच्या संस्थापक-अध्यक्षांचा मोठा फोटो नेहमीप्रमाणे होता. चौगुले अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बिल्ला लावून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. घड्याळाकडे बघत होते. सभा पाचला असल्यामुळे सहा दहाच्या गाडीची त्यांना काळजी होती.

घंटा झाली. शपथ झाली. भाऊ माने ताट घेऊन दारात आले, पण वकिलांनी डोळ्यांनी दटावलं म्हणून तिथेच थांबले. बारा वर्षांत पहिल्यांदा भजी बाहेर आणि इतिवृत्त आत, अशी स्थिती आली.

"आता आमचे सेक्रेटरी कुंभोजकर तो ऐतिहासिक ठराव वाचून दाखवतील," वकील म्हणाले. "हा ठराव मांडला गेला तेव्हा या हॉलमध्ये एकही डोळा कोरडा नव्हता."

"मला आठवतंय," मागून तांबोळी शेठ म्हणाले.

मी मखमली रजिस्टर उघडलं. काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं. वाक्यं चांगली जमली होती. त्यांचा काही उपयोग होणार नाही हेही ठाऊक होतं. आधी ठराव वाचावा, मग बोलावं, म्हणून वाचू लागलो. सहा वाजून दहा मिनिटांनी येणाऱ्या... ज्यांना घ्यायला कोणीही आलेले नाही... सूचक, श्री. नेमगोंडा चौगुले.

पुढची ओळ आली आणि मी थांबलो. ती ओळ माझ्याच हातची होती आणि मी ती साफ विसरून गेलो होतो. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला मी विसरभोळा ठरवला होता. मी बेचाळीसचा होतो.

"का थांबलात?" वकिलांनी विचारलं.

"वकीलसाहेब," मी म्हणालो, "या ठरावाला अनुमोदन कोणी दिलं, ते आठवत असेल ना आपल्याला?"

"म्हणजे काय! तांबोळींनी."

"मीच," तांबोळी शेठ उठून उभे राहिले. "अण्णांचं वाक्य संपायच्या आत हात वर केला होता. हा असा."

"इथे वेगळं नाव आहे."

"मग..." वकील जरा अडखळले. "हां, बरोबर. तांबोळींच्याही आधी एकाने उभं राहून दिलं होतं. आता डोळ्यांसमोर आलं माझ्या. वाचा."

मी वाचलं. "अनुमोदक: श्री. दत्ताजीराव येसुगडे."

हळूहळू एकेक मान वर गेली. वकिलांच्या डोक्यावरून, फोटोकडे. फोटोला चंदनाचा हार होता. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: 'कै. दत्ताजीराव येसुगडे, संस्थापक'. त्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ठराव लिहिताना मी याच खुर्चीत बसलो होतो आणि समोर तेच होते.

प्रांतपालांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी आनंदाने विचारलं, "वा! मग हे येसुगडे आज उपस्थित आहेत का?"

"आहेत," तांबोळी शेठ खाली बसत म्हणाले. "भिंतीवर."

कोणीतरी फुस्स केलं. दारातल्या भाऊ मान्यांच्या हातातलं ताट थरथरलं. वकिलांच्या चेहऱ्यावर निळ्या कोटाचा रंग चढत होता. मी घोकलेली वाक्यं विसरलो आणि सुचेल तसं बोललो. म्हणालो, हा ठराव कोणी मांडला नाही, कोणी अनुमोदन दिलं नाही, कोणी मंजूर केला नाही. मी लिहिला. ऐकतं का कोणी हे बघायला लिहिला. कोणीच ऐकत नव्हतं. फक्त एका माणसाने ऐकला आणि त्या दिवसापासून तो एकटा पाळतोय. त्याला मांडल्याचं आठवत नाही, कारण त्याने मांडलाच नाही. या हॉलमध्ये ज्याची आठवण शाबूत आहे, असा तो एकच माणूस आहे.

मी खाली बसलो. रजिस्टर मांडीवर होतं. मखमल घामाने ओली झाली होती.

खिडकीजवळची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चौगुले अण्णा उभे राहिले.

"मास्तर," ते म्हणाले. सभेत त्यांचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. बारीक होता, पण स्वच्छ. "म्हणजे मी उभा राहिलो नव्हतो?"

"नाही, अण्णा."

"बसूनसुद्धा बोललो नव्हतो?"

"नाही."

त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग वकिलांकडे, तांबोळी शेठकडे, एकेका खुर्चीकडे. आणि हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. हसता हसता चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. त्यांना रागवायचा पूर्ण अधिकार होता. मी तोंड खाली घालून त्याचीच वाट बघत होतो.

"दत्ताजीराव बाकी पहिल्यापासून घाई करायचे अनुमोदनाला," ते म्हणाले. मग टोपी नीट केली. "मग आता मांडतो."

आणि त्यांनी मांडला. उभं राहून. माझा ठराव, माझ्याच शब्दांत, रजिस्टर न बघता, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. 'कोणीही आलेले नाही' यातल्या 'कोणीही'वर मी लिहितानाही एवढा जोर दिला नव्हता. शेवटी म्हणाले, "रोज मला एकट्याला जमतं. पण अष्टमी-चतुर्दशीला मंदिरात असतो. त्या दिवशी कोणीतरी जा."

"अनुमोदन!" तांबोळी शेठ ओरडले. "या वेळेला माझं. मास्तर, लिहून घ्या. तारीख घाला. वेळ घाला."

मी लिहून घेतलं. पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटं.

"मंजूर?" वकिलांनी विचारलं. त्यांचा आवाज बसला होता. पण त्यांनी विचारलं, याचं श्रेय मी त्यांना कायम दिलं आहे.

अण्णा उत्तराला थांबले नाहीत. गाडीची वेळ झाली होती. प्रांतपालांना नमस्कार करून, भाऊ मान्यांच्या ताटातलं एक भजं उचलून ते बाहेर पडले. प्रांतपालांनी ढाल दिली का, असं लोक मला विचारतात. दिली. म्हणाले, मृताच्या अनुमोदनाने झालेलं काम त्यांच्या चाळीस क्लबांत दुसरं नाही. ती अजून वाचनालयात आहे. तारखेच्या जागी काय घालावं यावर एकमत न झाल्यामुळे तिथे रिकामी जागा आहे.

मी राजीनामा लिहून नेला. तो नामंजूर झाला, कारण दुसरं कोणी लिहायला तयार नव्हतं. पुढचे दोन महिने इतिवृत्त सगळ्यांनी कान टवकारून ऐकलं, हरकतीसुद्धा घेतल्या. तिसऱ्या महिन्यात भजी जिंकली.

दुकान एक तारखेला उघडंच राहिलं. मी मुद्दाम गेलो होतो. अण्णांनी बाटल्या परत कपाटात चढवल्या होत्या. मला बघून म्हणाले, "मास्तर, तुमचा खोकला आता गेला असेल. गेल्या महिन्यात बावीस तारखेला नेलं होतंत औषध." मी कॅलेंडर बघून खात्री केली. बावीसच होती.

त्यानंतर चार वर्षांनी शालनला मिरजेला ठेवावं लागलं.

एका मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि सांगायचं ते सांगितलं. मी परत तिच्याजवळ जाऊन बसलो. ती म्हणाली, "घरी जाऊन माझी दोन लुगडी आणा. आणि झाडांना पाणी घाला." मी रिकामा डबा घेऊन निघालो आणि सहा दहाच्या गाडीने आलो. तासगाव आलं. सगळे उतरले. मला उठवेना. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, गाव आलं."

मी दारात आलो. खाली अण्णा उभे होते. बिल्ला लावून. शालनच्या चिठ्ठ्या सहा महिने त्यांच्याच दुकानात जात होत्या. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून वाचायचं काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी मला विचारलं, माझ्याच शब्दांत, जसं सगळ्यांना विचारत तसं:

"आपल्याला घ्यायला कोणी आलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला. घरापर्यंत आले. वाटेत काही बोलले नाहीत. दारातल्या झाडांना पाणी घालून झाल्यावर गेले.

अण्णांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. क्लबात नवी माणसं आहेत, आणि पाळ्यांचा तक्ता वाचनालयात लावलेला असतो. माझा वार मंगळवार. गाडी हल्ली पावणेसातच्या आत कधी येत नाही. मी सहालाच जाऊन उभा राहतो. ठरावात सहा दहा आहे.